शर्मण्यदेशाचे ऋण

गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, ही गोष्ट ऐकलेली नाही असा संस्कृत शिकलेला मराठी माणूस विरळाच. शाळेत कालिदास सुरू झाला की पहिल्याच तासाला ती सांगितली जाते. कागदोपत्री सापडते ते इतकेच : सर विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरावरून गेऑर्ग फोर्स्टर यांनी १७९१ साली शाकुंतल जर्मनमध्ये आणले, गटेने ते वाचले आणि त्याच वर्षी त्यावर चार ओळी लिहिल्या. नाच आपण आपल्या पदरचा घातला. शोपेनहॉवर आणि उपनिषदे यांचीही अशीच एक कथा आपल्याकडे फिरत असते. शोपेनहॉवरला संस्कृत येत नव्हते. त्याने वाचली ती उपनिषदांची लॅटिन प्रत. ती फारसीवरून केलेली होती आणि ती फारसी प्रत दारा शुकोहने १६५७ साली करवून घेतली होती. उपनिषदांची थोरवी सांगताना आपल्याला शोपेनहॉवर आठवतो, दारा शुकोह आठवत नाही.

जर्मनीच्या इतिहासातील थोर माणसांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे या दोन कथांच्या जातीचे आहे. कोणी आपल्याला किती वाखाणले याची ती नोंदवही आहे. परक्याने दिलेले प्रशस्तिपत्र चौकटीत लावायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, यात पत्र देणाऱ्याचे मोठेपणही कळत नाही आणि घेणाऱ्याचेही. ज्या जर्मन माणसांनी आपल्या विचारावर खरा परिणाम केला, त्यांचे महत्त्व त्यांच्या स्तुतीत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते शोधायचे तर वायमार किंवा फ्रांकफुर्टपेक्षा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सुरुवात करणे सोयीचे. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीच्या या जिल्ह्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ गंगाधर टिळक आणि पांडुरंग वामन काणे ही तीन माणसे दिली. तिघांचेही जर्मन पंडितांशी आयुष्यभराचे नाते होते, आणि तिघांनीही मोक्याच्या जागी त्यांना खोडून काढले किंवा त्यांच्याशी वाद घातला.

आधी जर्मनीत काय घडले होते ते पाहू. १७९५ साली फ्रीडरिश ऑगुस्ट वोल्फ यांनी होमरची महाकाव्ये एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाहीत, ती थराथराने वाढत गेली आहेत, असे मांडले. १८१० साली व्हिल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून बर्लिन विद्यापीठ उभे राहिले. तिथे प्राध्यापकाने शिकवावे आणि संशोधनही करावे, अशी अपेक्षा होती. याच हुम्बोल्ट यांनी पुढे बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर निबंध वाचले. १८१६ साली फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतील क्रियापदांची रूपे शेजारी शेजारी मांडली आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. १८१८ साली बॉन येथे श्लेगेल यांच्यासाठी संस्कृतचे अध्यासन निघाले. आणि कार्ल लाखमान यांनी जुन्या ग्रंथाची शुद्ध प्रत कशी सिद्ध करावी याची एक शिस्त बसवली.

ही शेवटची गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती थोडी फोड करून सांगतो. एका ग्रंथाच्या वीस पोथ्या आहेत. त्यांत पाठभेद आहेत. कोणता पाठ खरा? आपल्याकडचा रिवाज असा, की अर्थ चांगला लागेल तो घ्यावा, किंवा टीकाकाराने धरला असेल तो घ्यावा, किंवा जास्त पोथ्यांत असेल तो घ्यावा. लाखमान यांच्या पद्धतीत आधी पोथ्यांचीच वंशावळ मांडायची. ज्या पोथ्यांत एकच चूक समान आहे त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असणार. म्हणजे बारा पोथ्या एका घरातल्या निघाल्या तर त्यांची साक्ष बारांची नाही, एकाची. वाटणीच्या दाव्यात एकाच भावाची दहा मुले उभी राहिली म्हणून त्या शाखेचा हिस्सा दसपट होत नाही, हे कोकणात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

ही शिस्त घेऊन जर्मन पंडित मुंबई इलाख्यात आले ते नोकरीसाठी. जर्मनीत संस्कृतच्या जागा थोड्या होत्या, उमेदवार फार होते. इंग्रज सरकारला कॉलेजांत संस्कृत शिकवणारे हवे होते. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्याला आले, गेऑर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मॅक्स म्युलर यांचे नाव सर्वांत गाजले, पण ते भारतात कधीच आले नाहीत. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड त्यांनी १८४९ ते १८७४ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या पैशावर काढले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला मोक्षमूलर, जर्मनीला शर्मण्यदेश आणि ऑक्सफर्डला गोतीर्थ म्हटले. आपले लोक त्यावर लुब्ध झाले आणि त्यांना मोक्षमूलर भट्ट करून मोकळे झाले.

इकडे आलेल्या तिघांचे काम अधिक जमिनीवरचे होते. हाउग यांनी ऐतरेय ब्राह्मण १८६३ साली छापले, ते केवळ पोथीवरून नव्हे. एका श्रौतीला दक्षिणा देऊन त्यांनी एकांतात यज्ञाचे विधी आपल्यासमोर करवून घेतले, ते टिपून ठेवले आणि सोमरसही चाखला. त्याची चव इतकी वाईट होती की काही चमच्यांपलीकडे घेववला नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कीलहॉर्न यांनी पुण्याच्या वैयाकरणांजवळ बसून नागोजीभट्टाचा परिभाषेंदुशेखर समजून घेतला आणि मग पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांतली प्रत सिद्ध केली. ब्यूलर यांनी हस्तलिखितांच्या शोधासाठी गुजरात, राजपुताना आणि काश्मीर पालथे घातले.

इथे दुसरी एक आख्यायिका आडवी येते : जर्मनांनी आपले ग्रंथ पळवून नेले आणि त्यातून विमाने केली. त्यातला खरा भाग असा, की काही हस्तलिखिते, विशेषतः जैन ग्रंथांची, ब्यूलर यांनी बर्लिनच्या ग्रंथालयाला मिळवून दिली आणि आल्ब्रेश्ट वेबर यांनी त्यांची सूची केली. पण मुंबई सरकारच्या पैशावर ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर आणि पीटर्सन यांनी जमवलेला मोठा संग्रह डेक्कन कॉलेजात राहिला आणि १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत आला. तो आजही पुण्यात आहे. ज्याला चोरीची तक्रार करायची आहे, त्याने आधी तिथली सूची एकदा चाळावी.

आता भांडारकर. मालवणात त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ चा. ब्यूलर यांचा जर्मनीत त्याच महिन्यात, १९ जुलैचा. वडिलांची बदली रत्नागिरीस झाल्यामुळे भांडारकरांचे शालेय शिक्षण इथे झाले आणि १८६० च्या दशकात ते इथल्याच हायस्कुलाचे हेडमास्तर झाले. संस्कृत शिकवण्याची त्यांची दोन पुस्तके त्याच दशकातली; पुढे कित्येक पिढ्या त्यांवरच संस्कृत शिकल्या. १८७२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मासिक निघाले आणि त्यात या कोकणी माणसाने बर्लिनच्या वेबर यांच्याशी वाद मांडला.

वाद पतंजलीच्या काळाचा होता. वेबर त्याला इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास आणत होते. लंडनमध्ये शिकवणारे दुसरे जर्मन पंडित गोल्डश्टुकर यांनी यवनांनी साकेताला घातलेल्या वेढ्याचे महाभाष्यातील उदाहरण पुढे करून त्याला मागे नेले होते. भांडारकरांनी त्याला जोड दिली ती व्याकरणाची. सुरू झालेली पण अजून न संपलेली क्रिया वर्तमानकाळात कशी सांगतात, हे दाखवताना पतंजली पुष्यमित्रासाठी चाललेल्या यज्ञाचे उदाहरण देतो. उदाहरण ऐकणाऱ्याला ते खरे वाटायचे, तर तो यज्ञ त्या वेळी चालू असला पाहिजे. म्हणून पतंजली पुष्यमित्राचा समकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. युक्तिवाद किती साधा आहे पाहा. तो करायला पूर्वजांचा अभिमान लागत नाही, वर्तमानकाळ म्हणजे काय हे नीट कळावे लागते. वेबर यांनी उत्तरे दिली, भांडारकरांनी प्रत्युत्तरे दिली, आणि आज पतंजलीचा काळ बहुतेक अभ्यासक भांडारकरांनी ठरवला तोच धरतात. रामायण होमरवरून सुचले असावे, असे वेबर यांनी सुचवले तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७३ साली तेही असेच मुद्देसूद खोडले.

याच काळात एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतची जागा भांडारकरांना डावलून पीटर्सन यांना दिली गेली. पीटर्सन स्कॉटिश होते आणि वयाने लहानही. ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपण चरित्रांत ही पदवी ठळक अक्षरात छापतो. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे १८८८ सालचे मुंबईतील व्याख्यान, ज्यात त्यांनी चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धत म्हणजे काय ते आपल्या तरुणांना समजावून दिले. युरोपीय पंडितांकडून काय घ्यावे हे त्यांनी तिथे सांगितले आणि त्यांचेही पूर्वग्रह असतात, तेही तपासावेत, हेही बजावले. पदवी ग्योटिंगेनची होती. पद्धत मात्र तोवर त्यांची स्वतःची झाली होती.

टिळकांची कथा अधिक गुंतागुंतीची. त्यांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. दहाव्या वर्षी कुटुंब पुण्यास गेले. १८९३ साली त्यांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला. गीतेत महिन्यांमध्ये मार्गशीर्षाला अग्रमान का, या प्रश्नापासून ते वसंतसंपाताच्या गणिताकडे वळले. संपातबिंदू एक नक्षत्र मागे सरकायला सुमारे ९६० वर्षे लागतात. वेदांत तो मृगशीर्षात असल्याच्या खुणा आहेत, असे दाखवून त्यांनी काही सूक्ते इसवी सनापूर्वी चार हजारांपलीकडे नेली. मॅक्स म्युलर यांनी १८५९ साली ऋग्वेदासाठी इसवी सनापूर्वी १२०० ते १००० असा काळ सुचवला होता. तो अंदाजच आहे, हे पुढे त्यांनी स्वतःही मान्य केले. गंमत अशी, की १८९३ सालीच बॉनचे हेर्मान याकोबी वेगळ्या वाटेने जवळजवळ टिळकांच्याच निष्कर्षाला पोचले. दोघांना एकमेकांच्या कामाची माहिती नव्हती. ब्यूलर यांनी दोघांचे युक्तिवाद तपासून १८९४ मध्ये त्यांना बऱ्याच अंशी अनुकूल टिपण लिहिले, तर अलाहाबादचे जर्मन पंडित थिबो यांनी पुढच्याच वर्षी दोघांना विरोध केला. म्हणजे हा वाद भारतीय विरुद्ध जर्मन असा कधीच नव्हता. दोन्ही बाजूंना जर्मन होते आणि मधोमध नक्षत्रांचे गणित होते.

१८९७ साली टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. मॅक्स म्युलर यांनी तुरुंगात त्यांना ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पाठवली आणि त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही केली. हे औदार्य खरेच मोठे. पण त्या प्रतीच्या वाचनातून पुढे जो ग्रंथ झाला, १९०३ चा ‘आर्क्टिक होम’, त्याविषयी टिळकांच्या गावात राहूनही मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘ओरायन’मध्ये वाचक प्रत्येक पायरीवर थांबून गणित पडताळू शकतो, चूक असेल तर ती कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते. ‘आर्क्टिक होम’मध्ये ध्रुवप्रदेश आधी मनाशी ठरलेला आहे, आणि लांबलेली उषा, कोंडलेले पाणी, दहा महिन्यांचे सत्र ही सगळी वचने एकेक करून त्याच्या साक्षीला उभी केली जातात. उलटा पुरावा निघाला असता तर तो कसा दिसला असता, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही. एकाच माणसाच्या हातात दहा वर्षांच्या अंतराने एकच साधन एकदा धारदार आणि एकदा बोथट होऊ शकते. टिळकांच्या दोन्ही पुस्तकांना एकाच आरतीत ओवाळणाऱ्यांनी त्यांचे कौतुक केले, पण त्यांना वाचले नाही.

काणे यांच्याकडे येताना विषय आकाशातून कोर्टात उतरतो. पांडुरंग वामन काणे १८८० साली चिपळूणजवळ परशुराम येथे जन्मले, दापोलीस शिकले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. पुढे ते वकील झाले. त्या काळी मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचे जे ग्रंथ वकिलाच्या हाताशी असत, त्यांत वेस्ट आणि ब्यूलर यांचा संग्रह प्रमुख होता; त्याचे पहिले खंड १८६० च्या दशकाच्या अखेरीस निघाले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. इलाख्यातील कोर्टांमध्ये शास्त्री नेमलेले असत. वारसा, दत्तक, वाटणी यांवर न्यायाधीश प्रश्न विचारी आणि शास्त्री व्यवस्था देई. १८६४ च्या कायद्याने शास्त्र्यांची पदे बंद झाली. मागे राहिली त्यांची उत्तरे. ती या संग्रहात छापली आहेत, आणि खाली गावाचे नाव व तारीख आहे. त्या गावांत रत्नागिरीही आहे. शास्त्र्याचे नाव मात्र नाही. ग्रंथ वेस्ट आणि ब्यूलर यांच्या नावाने ओळखला जातो, आणि ज्या माणसाने मिताक्षरा व मयूख उलटेपालटे करून उत्तर दिले तो ‘रत्नागिरीचा शास्त्री’ एवढाच उरतो.

मी याला फसवणूक म्हणणार नाही. ब्यूलर यांनी उत्तरांमागची वचने शोधली, ती मुळाशी ताडून पाहिली, उत्तर चुकले असेल तिथे तसे लिहिले. हे काम मोठे होते. पण ऋणाचा हिशेब करायचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. हाउग यांचा श्रौती, कीलहॉर्न यांचे वैयाकरण, ब्यूलर यांचे शास्त्री यांच्याशिवाय हे ग्रंथ उभे राहिले नसते.

काणे यांनी हा हिशेब आपल्या पद्धतीने पुरा केला. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, एकूण पाच खंड आणि साडेसहा हजारांवर पाने. त्यात ब्यूलर, योली हे पानोपानी आहेत, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नाहीत. आजची मनुस्मृती एका लुप्त मानवधर्मसूत्रावरून झाली, असे म्युलर आणि ब्यूलर यांचे मत होते. काणे यांनी त्याचा एकेक आधार तपासून, असे सूत्र होते याला पुरेसा पुरावा नाही, असा निर्णय दिला. भाषेत ना राग आहे ना विजयाचा आव. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

या परंपरेचे शेवटचे मोठे फळ रत्नागिरीबाहेरचे, पण ते सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होत नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याची कल्पना विंटरनिट्झ यांनी १८९७ साली युरोपात मांडली. बर्लिनच्या ल्यूडर्स यांनी नमुन्याची काही पाने छापली. पहिल्या महायुद्धात ती योजना बुडाली. १९१९ साली ती भांडारकर संस्थेने हाती घेतली आणि १९२५ पासून ल्यूडर्स यांच्याच हाताखाली बर्लिनला शिकलेल्या विष्णू सीताराम सुखटणकर यांनी तिची घडी बसवली. १२५९ हस्तलिखिते तपासून १९६६ साली ती पुरी झाली. पोथ्यांची वंशावळ मांडताच गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली, आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा तळटीपेत. घरोघरी ऐकलेल्या या कथा बाजूला ठेवण्याचे धैर्य पुण्यातल्या, श्रद्धाळू म्हणाव्या अशा पंडितांनी दाखवले, आणि त्या फेकून न देता जपून छापल्याही. जर्मन विद्येने आपल्याला काही दिले असेल तर ते हे : आवडते आणि सिद्ध झालेले यांत फरक करणे, आणि दोन्ही जपणे.

ही सवय कायमची लागते असे मात्र नाही. आर्य हा शब्द भाषेविषयी आहे, रक्त किंवा कवटीविषयी नाही, असे मॅक्स म्युलर यांनी १८८८ साली निक्षून सांगितले होते. त्यांच्या मायदेशाने ऐकले नाही. पुढे त्याच शब्दावर तिथे माणसे निवडून मारली गेली. वोल्फ, बॉप, लाखमान यांच्या विद्यापीठांनी त्या राष्ट्राला वाचवले नाही. आपणही फुशारकी मारू नये. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत घुसून ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस केली. पुस्तकातल्या मजकुराला पुराव्याने उत्तर देण्याची जी रीत भांडारकरांनी १८७२ साली घालून दिली, तिचा त्यांच्याच नावाच्या वास्तूत त्या दिवशी विसर पडला.

म्हणून या माणसांचे महत्त्व कशात, असे मला कोणी विचारले तर मी त्यांच्या स्तुतीची वचने काढून दाखवणार नाही. त्यांनी आपल्याला असे काही शिकवले की ज्याच्या जोरावर आपल्याला त्यांनाच ‘हे चूक आहे’ असे सांगता आले, आणि त्यांच्यातल्या चांगल्यांनी ते ऐकून घेतले. गुरूच्या मोठेपणाची यापेक्षा कडक कसोटी मला माहीत नाही.

हे ऋण फेडण्यासाठी जर्मनीला जावे लागत नाही. राजापूर, संगमेश्वर, गुहागरच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून पोथ्यांची बाडे आहेत : पंचांगे, पूजाप्रयोग, वैद्यकाच्या वह्या, मोडीतले दस्त. दर पावसाळ्यात वाळवी आणि कसर त्यांतली काही पाने खाते. घर विकले की उरलेली विहिरीत किंवा खाडीत सोडली जातात. ब्यूलर एखाद्या गावात गेले की पहिले काम यादीचे असे : ग्रंथाचे नाव, पाने किती, लिहिल्याचा शक, कोणाच्या घरी. चार रकान्यांची वही त्याला पुरते. पाचवा रकाना आपण वाढवावा आणि त्यात पोथी लिहिणाऱ्याचे, वाचून दाखवणाऱ्याचे नाव घालावे, म्हणजे तो नुसता ‘रत्नागिरीचा शास्त्री’ उरणार नाही.